ऑफलाईन ॲपमधलं ट्रान्झॅक्शन: कमिट झालं असं नेमकं कधी म्हणायचं?

काजवा:
नमस्कार मंडळी. गोदामातली आवक-जावक टॅबलेटवर नोंदवायचं ॲप करायचंय, अँड्रॉइड, रूम (गूगलची डेटाबेस लायब्ररी) वापरतोय म्हणजे खाली एसक्यूलाइटच, टॅबलेटवरच एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस. आतल्या भागात नेटवर्क अजिबात येत नाही त्यामुळे लोक तासन्‌तास ऑफलाईनच नोंदी करणार आणि बाहेर आले की सिंक. एका नोंदीत एक मुख्य रो, त्याखाली मालाच्या बऱ्याच ओळी, एखादा फोटो आणि शिल्लक साठ्यातला फरक, हे सगळं एकत्रच जायला हवं, अर्धवट गेलं तर नोंद नसलेली बरी. डोक्यात सध्या असं आहे की लोकल डेटाबेसवर ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील नाहीतर एकही नाही असा गठ्ठा) उघडायचं, सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायची, होकार आला की कमिट (बदल पक्के) आणि नाही आला की रोलबॅक (सगळे बदल मागे). नेट नसेल तेव्हा बाजूच्या टेबलात ठेवून नंतर हेच करायचं. बरोबर आहे का हे? आणि दोन टॅबलेटवरून एकच माल उचलला गेला तर तो गुंता कुठे सोडवायचा?

अर्धविराम:
नेटवर्क कॉल चालू असताना लोकल ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही, हे आधी पक्कं करा. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहिणारा असतो. तुमचा कॉल टाइमआउट होईपर्यंत अर्धा मिनिट लटकला तर तेवढा वेळ बाकी सगळं लिहिणं अडकून बसणार, दुसरीकडून 'डेटाबेस इज लॉक्ड' येत राहणार. आणि तेवढ्यात ॲप मारलं गेलं (बॅकग्राउंडला गेल्यावर अँड्रॉइड ते कधीही करू शकतं) तर लोकल रोलबॅक होईल पण सर्व्हरने तोवर स्वीकारून टाकलेलं असेल.

दोन वेगळी ट्रान्झॅक्शन करा. पहिल्यात मुख्य रो, ओळी आणि सोबत आउटबॉक्स टेबलात एक रो, 'हे पाठवायचंय' म्हणून. सगळं एकाच कमिटमध्ये. म्हणजे नोंद आहे पण पाठवायच्या यादीत नाही, किंवा यादीत आहे पण नोंदच नाही, असं कधी होऊच शकत नाही. मग पाठवणारा कोड आउटबॉक्स वाचतो, ट्रान्झॅक्शन बंद करतो, कॉल करतो, उत्तर आलं की दुसरं छोटंसं ट्रान्झॅक्शन करून ती रो मार्गी लावतो.

उंबर:
वरच्याशी सहमत, पण मुळातला प्रश्न आणखी खाली आहे. टॅबलेटवर झालेलं कमिट आणि सर्व्हरवर झालेलं कमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एक करायचा प्रयत्नच करायचा नाही. टॅबलेटवरचं कमिट एवढंच सांगतं की या माणसाने असं करायचं ठरवलंय आणि ते आता फोन बंद पडला तरी हरवणार नाही. ते खरंच मान्य झालं का हे सर्व्हरच ठरवणार.

हा विचार जुना आहे. जिम ग्रे, पॅट हेलंड, पॅट्रिक ओनील आणि डेनिस शाशा या संशोधकांनी १९९६ साली रेप्लिकेशनच्या (डेटाच्या अनेक प्रती ठेवण्याच्या) धोक्यांवर लिहिताना हीच दोन पातळ्यांची रचना मांडली होती. जोडणी तुटलेल्या डिव्हाइसवर होतं ते तात्पुरतं ट्रान्झॅक्शन, आणि जोडणी आली की तेच ट्रान्झॅक्शन मुख्य डेटावर पुन्हा चालवायचं, त्याला एक स्वीकाराची अट असते, ती पाळली गेली तर पक्कं, नाहीतर नाकारून वापरणाऱ्याला कारण सांगायचं. साधारण त्याच काळात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या बायू सिस्टिममध्येही तात्पुरतं लिहिणं आणि पक्कं लिहिणं असा फरक केलेला होता. 'पुन्हा चालवायचं' हे महत्त्वाचं. म्हणजे सर्व्हरला निकाल पाठवायचा नाही, हेतू पाठवायचा. 'शिल्लक ४० कर' असं पाठवलंत तर दुसऱ्या टॅबलेटने मधल्या वेळात केलेलं काम पुसलं जातं. 'या मालातले १० उचलले' असं पाठवा, वजाबाकी सर्व्हर करेल, आणि पुरेसा साठा आहे का तेही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तोच बघेल.

काजवा:
हे पटलं. पण मग '१० उचलले' ही रिक्वेस्ट पोचली, उत्तर मात्र वाटेत हरवलं, ॲपने पुन्हा पाठवली, तर २० वजा होणार ना? निकाल पाठवला असता तर कितीही वेळा पाठवला तरी ४० च राहिले असते.

पाऊलवाट:
हो, म्हणून प्रत्येक ऑपरेशनला स्वतःचा आयडी लागतो. बघा, टॅबलेटच्या बाजूने 'रिक्वेस्ट पोचलीच नाही' आणि 'पोचली, काम झालं, उत्तर परत आलं नाही' यातला फरक कळायला काही मार्गच नसतो, दोन्हीकडे टाइमआउटच दिसतो. म्हणजे पुन्हा पाठवणं भागच आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेलं सर्व्हरला ओळखता आलं पाहिजे.

यूयूआयडी (कुठेही बनवला तरी दुसऱ्याशी जुळत नाही असा लांब आयडी) टॅबलेटवरच तयार करा. पण कधी, तर वापरणाऱ्याने 'जतन' दाबलं तेव्हा, आणि आउटबॉक्सच्या रोमध्ये त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहून ठेवा. पाठवताना तयार केलात तर प्रत्येक प्रयत्नाला नवा आयडी जाईल आणि सगळा उपयोग संपला. सर्व्हरवर ऑपरेशन आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम), आणि ही आयडीची रो आणि साठ्यातली वजाबाकी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आधी आयडी तपासला, मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये वजाबाकी केली असं नको, दोन प्रती एकाच वेळी आल्या तर दोघी तपासणीतून सुटतात. आणि तोच आयडी पुन्हा आला तर एरर द्यायचा नाही, पहिल्या वेळचं उत्तर साठवून ठेवलेलं असतं तेच परत द्यायचं. एरर दिलात तर टॅबलेट समजणार नाकारलं, प्रत्यक्षात तर झालंय.

नोंदीचे आयडीसुद्धा तिथेच यूयूआयडी करा. ऑटोइन्क्रिमेंट (डेटाबेसने एकेक वाढवत दिलेला नंबर) ठेवलं तर सर्व्हरचा नंबर आल्यावर सगळ्या ओळींमधले संदर्भ बदलत बसावं लागतं. यूयूआयडीचं व्हर्जन ७ घ्या, २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात आलंय, सुरुवातीला वेळ असते त्यामुळे इंडेक्समध्ये साधारण ओळीने बसतं. फक्त त्यातल्या वेळेवरून ऑपरेशनचा क्रम ठरवू नका, ते घड्याळ टॅबलेटचं आहे.

तळटीप:
एवढं सगळं हवंच का? आम्ही प्रत्येक रोला शेवटच्या बदलाची वेळ लावतो, सिंकच्या वेळी ज्याची वेळ नंतरची तो जिंकतो. व्यवस्थित चालतं.

उंबर:
शेरा, संपर्क, पत्ता असल्या फील्डला चालेल, एक माणूस एकच रो हाताळत असेल तर तर नक्कीच चालेल. पण हरलेल्याला कळतही नाही की त्याचं लिहिलेलं गेलं, हा त्यातला खरा धोका. शिवाय डिव्हाइसचं घड्याळ कुणीही सेटिंगमध्ये जाऊन बदलू शकतं, एखादा टॅबलेट एक दिवस पुढे असेल तर दिवसभर तोच जिंकत राहणार. वेळेऐवजी सर्व्हरने दिलेला व्हर्जन नंबर वापरा. टॅबलेट म्हणतो 'मी व्हर्जन ७ बघून हा बदल केला', सर्व्हरवर ९ असेल तर दोघांत काय बदललंय ते समोर मांडता येतं. काउचडीबी या डेटाबेसमध्ये हेच आहे, एक आवृत्ती ठरलेल्या नियमाने जिंकते पण हरलेलीही ठेवलेली असते, मागून बघता येते.

आणि संख्येला तर हे अजिबात लावू नका. दोघांनी उचललेल्या मालात 'शेवटचा जिंकला' याला काही अर्थच नाही, माल दोघांनीही उचललेलाच आहे.

शून्यप्रहर:
डेटाबेसच्या पातळीवरचं थोडं लिहितो, कारण वरची रचना कितीही चांगली असली तरी इथे घोळ होतो आणि तो टेस्टिंगमध्ये पटकन दिसत नाही.

वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची एसक्यूलाइटची पद्धत) चालू असू द्या. २०१० साली ३.७.० मध्ये आला, त्यात वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत आणि लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही. लो-रॅम डिव्हाइस नसेल तर रूम तोच घेते. पण लिहिणारा तरीही एकच. आता साधं 'बिगिन' लिहिलं की ते डिफर्ड असतं, म्हणजे पहिल्यांदा वाचलंत की वाचणारं होतं आणि लिहायला गेलात की बदलायचा प्रयत्न करतं. मधल्या काळात दुसऱ्या कनेक्शनने कमिट केलं असेल तर तुमचा स्नॅपशॉट (वाचायला सुरुवात केली तेव्हाचं डेटाचं चित्र) शिळा झाला, लगेच बिझी एरर येतो आणि इथे बिझी टाइमआउट कितीही ठेवला तरी उपयोग नाही, थांबून स्नॅपशॉट ताजा होत नाही, ट्रान्झॅक्शन मुळापासूनच परत चालवावं लागतं. म्हणून आधी वाचून मग लिहायचं असेल तर सुरुवातच 'बिगिन इमीजिएट'ने करायची, रांगेत थांबायचं ते सुरुवातीलाच थांबाल.

कमिट म्हणजे डिस्कवर खरंच पोचवणं, तेच महाग आहे. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत लिहिलंय की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० किंवा जास्त इन्सर्ट होतात पण ट्रान्झॅक्शन मात्र काही डझनच. ते फिरत्या डिस्कचं गणित आहे, फ्लॅशवर आकडे वेगळे, पण नातं तेच. त्यामुळे सर्व्हरकडून आलेल्या हजार रो एकेक करून टाकू नका. उलट सगळा पहिला सिंक एकाच अवाढव्य ट्रान्झॅक्शनमध्येही नको, तेवढा वेळ वापरणाऱ्याची नोंद रांगेत थांबते आणि वॉल फाइल फुगते. काही शे रोंचे गठ्ठे करा.

वॉलमध्ये 'सिंक्रोनस' ही सेटिंग 'नॉर्मल' ठेवली की डेटाबेस खराब होत नाही पण अचानक बॅटरी गेली तर शेवटची काही कमिट गायब होऊ शकतात. 'फुल' ठेवली तर प्रत्येक कमिटला वॉल फाइल डिस्कवर सिंक होते. तुमच्या केसमध्ये टॅबलेटवरची नोंद ही जगातली एकमेव प्रत असते, तीही कित्येक तास. मी फुलच ठेवेन. हाताने नोंद करणाऱ्याला एका कमिटचा तेवढा उशीर जाणवत नाही.

आणि फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याला दिलेला संदर्भ तपासणारे नियम) एसक्यूलाइटमध्ये मुळात बंद असतात, दर कनेक्शनला प्रॅग्मा (सेटिंगची आज्ञा) देऊन चालू कराव्या लागतात. एंटिटीत (रूममधल्या टेबलाच्या व्याख्येत) फॉरेन की लिहिली असेल तर रूम ते करून देते, थेट एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तसंच कन्स्ट्रेंट मोडला की डिफॉल्टने तेवढं एक स्टेटमेंटच मागे जातं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. एरर गिळून पुढे कमिट केलंत तर पंधरातल्या चौदा ओळी मजेत सेव्ह होतील.

काजवा:
@शून्यप्रहर फार उपयोगी. फोटोचं काय करता? तो तर ट्रान्झॅक्शनमध्ये येत नाही.

शून्यप्रहर:
फोटो वेगळ्या फाइलमध्येच बरा. क्रम मात्र पाळा. आधी तात्पुरत्या नावाने फाइल पूर्ण लिहा, डिस्कवर सिंक करा, रिनेम करा, मग डेटाबेसमध्ये तिचं नाव असलेली रो कमिट करा. मध्ये काही झालं तर फार तर एक बेवारस फाइल उरते, ती पुढच्या वेळी ॲप उघडताना साफ करता येते. उलट्या क्रमाने केलंत तर रो आहे आणि फोटो नाही, ते कशानेच दुरुस्त होत नाही. अपलोडही असाच, आधी फोटो, तो पोचला की नोंदीचं ऑपरेशन.

निळीशाई:
आमचं फायरस्टोअरवर (गूगलचा क्लाउड डेटाबेस) आहे, त्यात ऑफलाईन आपोआप मिळतं ना? वेगळा आउटबॉक्स कशाला?

पाऊलवाट:
लिहिण्याची रांग मिळते, ट्रान्झॅक्शन नाही. फायरस्टोअरचं ट्रान्झॅक्शन ऑफलाईन असताना फेलच होतं कारण त्याला सर्व्हरवरून ताजं वाचावं लागतं. बॅच राइट मात्र ऑफलाईन चालतं, रांगेत राहतं आणि नंतर एकत्र जातं, इन्क्रिमेंटही चालतं. म्हणजे 'वाचून मग ठरव' हे नाही, 'हे सगळं एकत्र लिही' हे आहे. तेवढ्यात भागत असेल तर जरूर वापरा. फक्त दुसऱ्याची सिंक सेवा घेताना ती बंद झाली तर काय याचा विचार करून ठेवा, मोंगोडीबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांचं ॲटलस डिव्हाइस सिंक बंद करणार आणि वर्षभराची मुदत दिली, अशा वेळी अख्खं ॲप बदलायला वर्ष फार नसतं.

ब्राउझरमध्ये करणाऱ्यांसाठी एक, इंडेक्सडीबी या ब्राउझरमधल्या डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन हातात काही काम उरलं नाही की स्वतःच कमिट होतं. मध्ये फेच (नेटवर्क कॉल) करून थांबलात की परत येईपर्यंत ते संपलेलं असतं. म्हणजे अर्धविराम यांनी वर सांगितलेला नियम तिथे प्लॅटफॉर्मच पाळायला लावतो.

काजवा:
आता माझा अडलेला मुद्दा. सर्व्हरने ऑपरेशन नाकारलं तर टॅबलेटवरचा साठा परत कसा आणायचा? लोकल कमिट तर कधीच होऊन गेलंय, रोलबॅक करायला काही उरलेलं नाही. आणि त्यानंतर त्याच मालावर अजून नोंदी झालेल्या असतील तर उलटी बेरीज-वजाबाकी करत जायचं का?

उंबर:
उलटं करत बसू नका, त्यात हमखास चुकतं. साठा बदलूच नका. दोन थर ठेवा. एका टेबलात सर्व्हरने पक्का म्हणून सांगितलेला साठा, त्याला वापरणाऱ्याच्या कृतीने हात लागत नाही, फक्त सिंक लागतो. दुसरा थर म्हणजे आउटबॉक्स. स्क्रीनवर दाखवायचा आकडा म्हणजे पक्का साठा आणि त्यावर आउटबॉक्समधल्या अजून न सुटलेल्या ऑपरेशनची बेरीज-वजाबाकी. समजा पक्के ५०, आउटबॉक्समध्ये 'उचलले १०' आणि 'उचलले ५', स्क्रीनवर ३५. पहिलं नाकारलं गेलं, रो बाजूला काढली, स्क्रीनवर आपोआप ४५. मागे जायचं असं काही राहतच नाही.

इथे एक बारीक फट आहे आणि ती बहुतेक जणांच्या रचनेत असते. तुमचं 'उचलले १०' सर्व्हरवर झालं, उत्तर हरवलं. आता टॅबलेटने ताजा साठा खेचला, तो आला ४०, त्यात तुमचे १० आधीच वजा आहेत, पण आउटबॉक्समध्ये ते अजून बसलेच आहेत, म्हणजे स्क्रीनवर १० दोनदा वजा. म्हणून प्रत्येक टॅबलेटने आपल्या ऑपरेशनना ओळीने नंबर द्यायचे आणि सर्व्हरने डेटा देताना सोबत सांगायचं की 'तुझं अमुक नंबरपर्यंतचं यात धरलेलं आहे', नाकारलेली कुठली तेही त्यातच. टॅबलेटने नवा साठा लिहिणं आणि त्या नंबरपर्यंतच्या आउटबॉक्स रो काढणं एकाच लोकल ट्रान्झॅक्शनमध्ये करायचं. दोन्हीत कमिटचा फरक पडला तर आकडा क्षणभर तरी चुकीचा दिसतो, आणि नेमकं तेव्हा ॲप मेलं तर चुकीचाच राहतो.

खेचताना कर्सरही तसाच, 'इथवर वाचलं' ही खूण आणि तो गठ्ठा एकाच कमिटमध्ये.

अर्धविराम:
कर्सरवरून आठवलं, सर्व्हरवर बदलाची वेळ किंवा सिक्वेन्स नंबर कर्सर म्हणून वापरत असाल तर सांभाळा. नंबर ट्रान्झॅक्शन चालू असतानाच दिला जातो, दिसतो मात्र कमिटनंतर. १०१ नंबरवालं लांबलं आणि १०२ आधी कमिट झालं, टॅबलेट १०२ पर्यंत वाचून गेला, मग १०१ उगवलं, ते या टॅबलेटला कधीच दिसणार नाही. चालू असलेल्या सगळ्यात जुन्या ट्रान्झॅक्शनच्या मागेपर्यंतच वाचून द्यायचं, किंवा नंबर कमिटच्या क्रमानेच पडतील अशी व्यवस्था करायची. डिलीट केलेल्या रो सुद्धा लगेच उडवू नका, 'काढली' अशी खूण ठेवा, नाहीतर ऑफलाईन टॅबलेटला कळणार कसं.

तळटीप:
पण मग ऑफलाईन माणसाला ३५ दिसतायत म्हणून त्याने ३५ उचलले, दुसऱ्यानेही तेच केलं, दोघांचा माल गाडीत चढला आणि रात्री सर्व्हर एकाला नाही म्हणतोय. नाही म्हणून काय फायदा? सीआरडीटीने (वेगवेगळ्या प्रती आपोआप जुळतात अशी डेटा-रचना) हे सुटत नाही का?

उंबर:
रास्त प्रश्न. २०११ मध्ये सीआरडीटी ही संकल्पना नीट मांडली गेली, त्यातल्या काउंटरने सगळ्यांच्या बेरजा-वजाबाक्या कुठल्याही क्रमाने आल्या तरी शेवटी सगळीकडे एकच आकडा येतो. पण तो आकडा शून्याखाली जाणार नाही हे साधा काउंटर राखू शकत नाही, कारण त्यासाठी दुसऱ्याने काय केलं हे आधी माहीत असावं लागतं.

त्यावर उपाय म्हणजे वाटा आधीच वेगळा काढणं. वर ज्या ओनील यांचं नाव आलं त्यांनीच १९८६ मध्ये एस्क्रो पद्धत मांडली होती. सकाळी नेटमध्ये असताना १०० पैकी चार टॅबलेटना २५-२५ दिले, प्रत्येक जण आपल्या २५ मध्ये ऑफलाईन हवं ते करो, सर्व्हर नाकारूच शकत नाही कारण ते त्याच्याच नावावर राखलेले आहेत. २५ संपले की मात्र नेटमध्ये येऊन आणखी मागावे लागतात. तोटा उघड आहे, एकाकडे पडून राहतात आणि दुसऱ्याला कमी पडतात. म्हणून सगळ्याला नको, जो माल कमी आहे आणि ज्यावरून खरंच भांडण होणार आहे त्यालाच लावा.

आणि काजवा, तुमच्याकडे माल हाताने उचललेला आहे, तो झालेला प्रसंग आहे, विनंती नाही. तिथे सर्व्हरने नाकारण्यापेक्षा नोंद घ्यावी, साठा उणे दाखवावा आणि कुणाला तरी मोजायला पाठवावं. माल गेलेला असताना नोंद फेकून देणं म्हणजे जाणूनबुजून खोटा साठा ठेवणं. ऑनलाईन बुकिंग वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नकार देता येतो.

काजवा:
हे सगळ्यात पटलं. म्हणजे स्वीकाराची अट प्रत्येक ऑपरेशनला वेगळी. उचललं-ठेवलं हे नेहमी घ्यायचं, राखून ठेवणं मात्र नाकारता येईल असं. पाठवायचा क्रम आणि रिट्राय कसं ठेवता?

पाऊलवाट:
एका टॅबलेटची ऑपरेशन्स नंबरच्या क्रमाने, एकच पाठवणारा. वर्कमॅनेजरमध्ये (अँड्रॉइडवर बॅकग्राउंड कामं चालवणारी लायब्ररी) युनिक वर्क करा म्हणजे दोन पाठवणारे एकदम सुटणार नाहीत. बॅकऑफ (पुन्हा प्रयत्नाआधीचं थांबणं) डिफॉल्टने ३० सेकंदांपासून दुप्पट होत जातो, कमाल ५ तास, आणि पिरियॉडिक काम १५ मिनिटांपेक्षा लवकर लावता येत नाही, म्हणून 'आत्ता पाठव' असं बटण द्याच.

टाइमआउट आणि सर्व्हरची अडचण असेल तर पुन्हा प्रयत्न. सर्व्हरने विचार करून नाही म्हटलं तर पुन्हा पाठवून काही होत नाही, ती नोंद 'अडलेली' म्हणून वेगळी काढा आणि रांग पुढे जाऊ द्या, नाहीतर एका खराब नोंदीमागे सगळं काम तुंबतं. मात्र तिच्यावर अवलंबून असलेली, म्हणजे त्याच नोंदीतल्या दुरुस्त्या वगैरे, तिच्यासोबतच थांबली पाहिजेत.

आयओएस करणार असाल तर शेअर्ड कंटेनरमधल्या (सामायिक फोल्डरमधल्या) डेटाबेसचं लॉक धरून ॲप सस्पेंड झालं की सिस्टिम ते मारते, क्रॅश रिपोर्टमध्ये ०एक्सडेड१०सीसी असा कोड दिसतो. बॅकग्राउंडला जाताना ट्रान्झॅक्शन संपवूनच जा.

शून्यप्रहर:
रूममध्ये डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशनचा फॉलबॅक चालू असेल तर आजच काढा. स्कीमा (टेबलांची रचना) बदलला आणि मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) सापडलं नाही की तो टेबलं पाडून नवी करतो. ज्या ॲपचा सगळा डेटा सर्व्हरवर आहे त्याला ते चालतं, तुमच्यात न पाठवलेला आउटबॉक्स त्यातच जाईल. लॉगआउटलाही तेच, आउटबॉक्स रिकामा नसेल तर डेटा पुसू देऊ नका. आणि आउटबॉक्समधल्या ऑपरेशनला फॉरमॅटचा व्हर्जन लावा, जुन्या ॲपने लिहिलेली नोंद अपडेटनंतर नवं ॲप पाठवणार आहे आणि सर्व्हरला ती वाचता यायला हवी.

सपोर्टवाल्यांनी टॅबलेटवरून डेटाबेसची फाइल काढताना सोबतची वॉल फाइलही घेतली पाहिजे, ताजी कमिट तिच्यात असतात. एकटी मुख्य फाइल उचलली तर 'नोंद गायबच आहे' असा निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा 'व्हॅक्यूम इनटू' वापरून एक नीट प्रत काढायची सोय ॲपमध्येच द्या.

काजवा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं धरून चालतोय: स्क्रीनवर प्रत्येक नोंदीसमोर तीन अवस्था, 'टॅबलेटवर आहे', 'पोचली' आणि 'अडली, कारण बघा'. वर न पाठवलेल्यांचा आकडा कायम दिसणार. साठा दोन थरांत, पक्का वेगळा. टेस्टिंग कसं करावं एवढं शेवटचं सांगा, एअरप्लेन मोड लावून बघितलं की पुरे का?

अर्धविराम:
नाही, एअरप्लेन मोडमध्ये रिक्वेस्ट निघतच नाही, ती सोपी केस आहे. मध्ये एक प्रॉक्सी ठेवा जो रिक्वेस्ट सर्व्हरला जाऊ देतो आणि उत्तर गिळतो. त्यावर दहा-वीस ऑपरेशन पाठवा, प्रत्येक दोन-तीनदा जाईल, शेवटी सर्व्हरचा साठा बरोबर एकदाच बदललेला हवा. मग कमिटच्या आधी, कमिटनंतर पण पाठवायच्या आधी, आणि उत्तर आल्यावर पण ते लिहायच्या आधी, अशा तिन्ही जागी प्रोसेस मारून परत उघडा आणि प्रत्येक वेळी पक्का साठा, आउटबॉक्स आणि स्क्रीनवरचा आकडा जुळवून बघा. टॅबलेटचं घड्याळ एक दिवस मागे करून हेच परत चालवा. दोन टॅबलेट घेऊन एकाच मालावर, दोघांनाही सर्व्हरचा जुना साठा दिसत असताना. आणि जुन्या व्हर्जनमध्ये आउटबॉक्स भरून ठेवून वरून अपडेट टाका, ते बहुतेक वेळा राहून जातं.